धावण्याआधीची हाक

आमच्या घरात दुपारी भांडं वाजत नाही. स्वयंपाक मी सकाळी यांच्या यायच्या आत उरकते, कुकरच्या शिट्ट्याही तेव्हाच होऊन जातात. आमचे हे हैदराबादच्या बेगम बाजारात मसाल्याच्या एका गोदामावर रात्रपाळी करतात. मोठ्या ट्रकना दिवसा शहरात येऊ देत नाहीत, म्हणून माल रात्री उतरतो. हमालांकडून पोती उतरवून घ्यायची, थप्पी लावून घ्यायची, हे यांचं काम. सकाळी घरी येतात तेव्हा अंगाला लाल मिरचीचा वास असतो. आंघोळ करतात, दोन भाकरी खातात आणि झोपतात ते दिवस कलल्यावर उठतात. घर म्हणजे बरकतपुऱ्यात एका इमारतीच्या मागच्या अंगाला दीड खोली. माणूस झोपला की सगळं घर झोपल्यासारखंच असतं.

आमची मुलगी या घरात वाढली. तिला मी कधी लांबून हाक मारली नाही. जवळ जायचं आणि खांद्यावर दोन बोटं टेकवायची. जेवायला ये म्हणायचं तर हात तोंडाशी न्यायचा. रांगती असताना ती रडायला लागली की मी तिला उचलून जिन्यात जायचे. चालायला लागल्यावर ती आपणहून जिन्यात जाऊन रडायची. शेजारची अम्मा मला म्हणायची, "तुमारी बच्ची घर में है की नै, मालूमच नै पडता." मला त्याचं कौतुकच वाटायचं. मी स्वतः तशीच आहे. भाजीवाल्याला दुसऱ्यांदा भाव विचारायचा तर मी न विचारताच पिशवी पुढे करते.

अशी मुलगी फुटबॉल खेळायला लागली. शाळेच्या मैदानावर एक म्हातारे सर मुलींना शिकवायचे. त्यांनी हिचं पळणं बघितलं आणि सगळ्यात पुढे नेऊन उभं केलं. "तू बस यहीं ठहर. बॉल आएगा तो गोल में मार." एवढंच त्यांचं शिक्षण. हिला ते फार मानवलं. गप्प उभी राहायची, बॉल आला की वाऱ्यासारखी पळायची, गोल मारायची आणि परत येऊन गप्प उभी राहायची. गोल मारल्यावरही ओरडायची नाही. बाकीच्या पोरी हिच्या अंगावर उड्या मारायच्या आणि ही खाली मान घालून हसायची. शाळा सुटली तरी सरांच्या क्लबात ती खेळत राहिली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आली तरी टीममध्ये पुढची जागा तिचीच होती.

मग सरांचे गुडघे गेले आणि नव्या मॅडम आल्या.

मॅडम कोल्हापूरच्या. नवरा इकडे कंप्युटरच्या कंपनीत, म्हणून हैदराबादला आलेल्या. वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, पण आवाज असा की मैदानाबाहेर रस्त्यावरून जाणारी माणसं वळून बघायची. आम्ही मराठी आहोत कळल्यावर पहिल्याच दिवशी लांबून ओरडल्या, "ओ काकू! या की इकडं! भिंतीला का चिकटलाय?" मी भिंतीला आणखी चिकटले.

त्यांनी सगळं खेळणंच बदललं. ते मला मुलीनं एका दुपारी समजावून सांगितलं. हे झोपलेले होते. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. तिनं चादरीवर लसणाच्या पाकळ्या मांडल्या. लसणाचा आवाज होत नाही.

"बघ आई," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "पहिले आपला बॉल गेला की आम्ही मागं पळायचो. आपल्या गोलपाशी जाऊन उभं राहायचो. आता मागं जायचंच नाही. त्यांच्याकडं बॉल आहे ना, तिथंच जाऊन त्यांना दाबायचं. त्यांना विचारच करू द्यायचा नाही."

"म्हणजे सगळ्यांनी बॉलच्या मागं पळायचं?"

"नक्को! तसं पळालं तर ते बाजूनं काढून देतात. मी पहिली जायची. सरळ नाही, अशी वळसा घालून." तिनं एक पाकळी अर्धगोल फिरवली. "म्हणजे तिला आतल्या बाजूला देता येत नाही, कडेलाच द्यावा लागतो. कडेला ही आपली दुसरी उभी. मागं रेषा, तिकडं जागाच नाही. मग मागच्या सगळ्या एकदम वर सरकायच्या. अडकली."

मला पटकन कळलं, कारण बिदरकडच्या आमच्या गावात मी असंच कोंबडी धरायचे. सरळ धावलं तर ती पायातून निसटते. एकीनं फेर घेऊन तिला भिंतीकडे वळवायचं आणि दुसरीनं ओचा पसरून उभं राहायचं. मी मुलीला तसं सांगितलं तर तोंडावर हात दाबून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"पण आई, एक लफडा आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी एकदमच जायला पाहिजे. एक जरी मागं राहिली तरी मधे भोक पडतं आणि तिथून बॉल सुटतो. आणि कधी जायचं ते सगळ्यात पुढचीनं सांगायचं. म्हणजे मी. त्यांच्या पोरीचा बॉल पायातून जरा लांब गेला, नाहीतर तिनं गोलकीपरकडं मागं दिला, की मी हाक द्यायची. चलो म्हणून. जोरात."

मग ती पाकळ्या गोळा करायला लागली.

तिची हाक येत नव्हती. मी संध्याकाळी तिचा डबा घेऊन मैदानावर जायचे आणि बघायचे. बरोबर वेळ तिला सगळ्यांच्या आधी कळायची. तिचं अंग आधीच ताणलं जायचं. पण तोंडातून काही निघायचं नाही. त्याऐवजी तिचा हात मागे जायचा आणि दोन बोटं हलायची, घरी हाकेऐवजी हलतात तशी. मागे वीस पावलांवर उभ्या असलेल्या पोरींना तिची दोन बोटं कुठून दिसणार? ती एकटी पळायची, वळसा अगदी बरोबर घालायची, आणि मागून कुणीच आलेलं नसायचं.

"काय गं, घसा बसलाय का?" मॅडम ओरडायच्या. "कोल्हापुरात म्हशी धुवायला नेणारी बाई तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलती!"

पोरीही चिडवायच्या. मधल्या फळीत खेळणारी एक मुलगी होती, चारमिनारकडची, तोंडाची फटकळ. ती मला म्हणायची, "आंटी, इसकू घर में बोलने का किराया लगता क्या?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. त्या मुलीचा स्वतःचा आवाज मात्र खणखणीत होता.

मॅडमनी सांगितलं, घरी सराव कर. रोज शंभरदा ओरड. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. सकाळी हे झोपायच्या तयारीत, दुपारी झोपलेले, संध्याकाळी मैदान, आणि रात्री हे कामावर गेले की वरच्या मजल्यावर घरमालकांच्या आजारी आई. ओरडायला जागाच नव्हती.

शेवटी मीच सुचवलं, आपण कोठीच्या बाजारात जाऊ. तिथं सगळेच ओरडतात. तिला मोजेही घ्यायचे होते. पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेपासून पुढे गाडेवाल्यांचा कालवा चाललेला असतो. कुणी चादरींसाठी ओरडतो, कुणी पेरूंसाठी, बसचे हॉर्न वेगळेच. त्या सगळ्यात एक हाक कुणाला कळणार आहे? आम्ही एका खांबाजवळ उभ्या राहिलो. ती दोनदा तोंड उघडून मिटली. मी म्हटलं, "तू माझ्याकडं नको बघू, रस्त्याकडं बघ." तिनं रस्त्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि एकदम ओरडली, "चलो!"

कचकन ब्रेक लावून एक ऑटो आमच्यापुढे थांबला. "हौ अम्मा, बैठो. कहाँ चलना?"

आम्ही दोघी असल्या पळालो की मोज्यांच्या दुकानात शिरूनच थांबलो. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. मुलगी म्हणाली, "आई, थांबला की तो! माझ्या हाकेनं ऑटो थांबला!" मोजे घेऊन निघाल्यावर तिनं आणखी दोन ऑटो थांबवले. तिसऱ्यानं मात्र आम्हाला पुष्कळ बोलून घेतलं.

त्यानंतर मैदानावर तिची हाक यायला लागली. पहिल्यांदा चिरकी, मग जरा भरीव. एका संध्याकाळी मी भिंतीपाशी उभी होते आणि दुसऱ्या टीमच्या पोरीनं बॉल गोलकीपरकडे मागे ढकलला. आमची ओरडली, "चलो!" आणि सगळी टीम एकदम वर सरकली. वाऱ्यानं वाळत घातलेलं लुगडं फुगावं तशी. ही वळसा घालून गेली, गोलकीपरनं घाबरून कडेला मारला, तिथं चारमिनारकडची आधीच उभी. बॉल तिच्या पायात, तिथून हिच्या पायात, आणि गोल. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी पदर मुठीत धरून उभी राहिले. मॅडम माझ्याकडे बघून ओरडल्या, "बघितलं का काकू? लई भारी!"

थोड्या दिवसांनी मॅडमनी सांगितलं की रविवारी सकाळी एक मॅच होईल, दुसऱ्या क्लबाशी. ती बघून त्या बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेसाठी मुली निवडणार. हिला आत घ्यायचं त्यांच्या मनात होतं, फक्त खऱ्या मॅचमध्ये ती टीमला ओढते का ते बघायचं होतं. मुलीनं हे घरी सांगितलं तेव्हा पप्पा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"रविवारी? मी येतो."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आजवर त्यांनी तिची एक मॅच बघितली नव्हती. मॅचेस सकाळच्याच असायच्या.

"अहो, पाळी करून येणार तुम्ही. झोप?" मी म्हटलं.

"एक दिवस नाही झोपलो तर काय मरतो का? माझी लेक कशी खेळते ते बघावं की नाही मी? सगळं गोदाम विचारतंय. गोल मारती म्हणं, गोल मारती म्हणं. मी काय सांगू, मी बघितलंच नाही?" मग तिला म्हणाले, "का गं माय, येऊ नको का?"

"या ना पप्पा," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मलाही आनंदच झाला होता.

रविवारी ते बेगम बाजारातून थेट मैदानावर आले. शर्टावर मिरचीची लाल पूड, डोळे तांबारलेले. आल्या आल्या शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी आजोबांना लागोपाठ चार शिंका आल्या. हे त्यांना म्हणाले, "माफ करना साब, धंदेका खुशबू है." मग माझ्या शेजारी सिमेंटच्या पायरीवर बसले आणि मांडीवर हात घासत विचारलं, "आपली कुठली?" मी बोटानं दाखवली. "सगळ्यात पुढं? एकटीच? बरं बरं."

मॅच सुरू झाली. हिनं लांबूनच पप्पांना बघितलं आणि हात हलवला. पहिल्या काही मिनिटांत तिनं दोनदा हाक दिली. दोन्ही वेळा टीम वर सरकली, दोन्ही वेळा समोरच्या पोरींनी घाबरून बॉल बाहेर घालवला. हे म्हणाले, "अरे वा! आवाज तिचा होता?" मी मान हलवली. "आपल्या घरची पोरगी?" ते हसले आणि भिंतीला टेकले.

ऊन कोवळं होतं. मी मॅच बघण्यात गुंतले होते. माझ्या खांद्यावर काहीतरी जड आलं तेव्हा मला कळलं. हे झोपले होते. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं, तोंड थोडं उघडं.

चार माणसांत नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसायची मला कोण लाज वाटली. शेजारच्या आजोबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. पण मला हलता येईना. हलले असते तर ते जागे झाले असते.

तेवढ्यात बॉल आमच्या बाजूला बाहेर आला आणि मुलगी तो घ्यायला धावत आली. तिनं वर बघितलं. आधी पप्पांकडे, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याचंही काही नव्हतं. घरी दार उघडून आत येताना पप्पा झोपलेले दिसले की ती जशी पायातली चप्पल हातात घेते, तसा तिचा चेहरा झाला. तिनं बॉल उचलला आणि अगदी हळू पावलांनी परत गेली.



त्यानंतर समोरच्या पोरीचा बॉल पायातून लांब गेला. वेळ अगदी बरोबर होती, मलासुद्धा दिसली. मुलीचं अंग ताणलं गेलं. हाक आली नाही. तिचा हात मागे गेला आणि दोन बोटं हलली. ती एकटीच पळाली. मागच्या पोरी तशाच उभ्या राहिल्या, मधे भलंमोठं रान मोकळं झालं, आणि समोरच्यांनी दोन लाथांत बॉल तिथून पार करून गोल केला.

"आवाज!" मॅडम ओरडल्या. "अगं आवाज कुठं गेला?"

चारमिनारकडची दोन्ही हात पसरून म्हणाली, "अरे बोल ना! हमकू कैसा मालूम पडना?"

मला उठून सांगायचं होतं की ओरड, काही होत नाही. पण माझा आवाज तिथपर्यंत कधी गेलाय? मग दुसरं सुचलं, यांना उठवावं. जागे झाले की ती ओरडेल. एवढीच गोष्ट होती. मी हात उचलला. त्यांच्या दंडापर्यंत नेला. त्यांच्या नखांत मिरचीची पूड होती, तळहाताला पोत्याच्या सुतळीनं काचलेलं होतं. जागे झाले तर त्यांनाच लाज वाटेल, पोरीची मॅच बघायला आलो आणि झोपलो म्हणून. आणि झोपलेल्या माणसाला उठवणं मला येतही नाही. इतक्या वर्षांत मी यांना एकदाही उठवलेलं नाही. वेळ झाली की ते आपणहून उठतात. माझी दोन बोटं त्यांच्या बाहीला टेकली आणि तिथंच राहिली.

पुन्हा तशीच वेळ आली. पुन्हा ती एकटी पळाली. वळसा घालायची, कडेला ढकलायची, आणि कडेला कुणी नसायचं. ती धापा टाकत होती. इतकी पळत होती की बघवत नव्हतं. दुसरा गोल झाला तेव्हा समोरच्या टीमच्या माणसांनी डबा वाजवला, शिट्ट्या मारल्या. मॅडमचा आवाज तर सारखा चालूच होता. माझ्या खांद्यावरचं डोकं जरासुद्धा हललं नाही.

मॅडमनी तिला बाहेर काढलं. पुढच्या जागेवर चारमिनारकडची गेली आणि जाता जाताच ओरडली. टीम वर सरकली. मुलगी कडेला जमिनीवर बसली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिली.

मॅच संपायच्या थोडं आधी मॅडम माझ्याकडे आल्या. हे झोपलेलेच होते. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "काकू, घरी काही झालंय का हो? परवापर्यंत वाघिणीसारखी ओरडत होती. आज काय झालं, तुम्ही तरी सांगा. मला आज नावं ठरवायची आहेत."

सांगायचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण कसं सांगू? पप्पा झोपलेत म्हणून? हे कुणाला खरं वाटेल? आणि तसं सांगितलं तर दोष यांच्यावरच जातो.

"काही नाही झालं," मी म्हटलं.

मॅडमनी एकदा मैदानाकडे बघितलं. मग "बरं" म्हणून गेल्या.

शेवटची शिट्टी झाली, लोक उठायला लागले, तेव्हा हे जागे झाले. मान चोळत म्हणाले, "डोळा लागला की काय जरा? किती गोल मारले आपल्या पोरीनं?"

मुलगी तेव्हा येऊन उभी राहिली होती. "आज नाही मारला, पप्पा."

"असू दे. पळाली मात्र लई." ते तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "दमलीस?"

"हौ," ती म्हणाली.

घरी जाताना वाटेत मी यांना विचारलं. का विचारलं माहीत नाही. "एवढा गोंगाट होता, तुम्हाला झोप कशी आली?"

"गोंगाटाचं काय घेऊन बसलीस?" ते म्हणाले. "गोदामात ट्रकचे हॉर्न वाजत असतात, हमाल शिव्या देत असतात, मी पोत्यावर टेकलो की घोरतो. मला झोपेत काही ऐकू येत नाही. लहानपणापासून असंच आहे."

मुलगी दोन पावलं पुढे चालत होती. तिची चाल जरा हळू झाली, मग परत पहिल्यासारखी झाली. तिनं मागे वळून बघितलं नाही. घरात गप्प बसायचं असं पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं, ते मी घर येईपर्यंत आठवत होते. यांनी तर कधीच सांगितलं नव्हतं.

मॅडमनी नावं सांगितली त्यात तिचं नव्हतं. टीम बाहेरगावी गेली. ती इथं राहिलेल्या मुलींबरोबर मैदानावर जाते, वळसे घालून पळते. हाक कधी येते, कधी येत नाही.

काल दुपारी त्यांची तिथली मॅच फोनवर दिसणार होती. हे झोपले होते. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो, फोन आमच्या मधे, आवाज बंद. इवल्याशा पोरी हिरव्यावर पळत होत्या. समोरच्या पोरीनं बॉल मागे दिला आणि चारमिनारकडचीचं तोंड मोठं उघडलं. आवाज नव्हता, पण टीम एकदम वर सरकली. मुलीचे ओठही तिच्याबरोबर हलले.

"आवाज वाढवू का?" मी तिच्या कानात विचारलं. यांना झोपेत ऐकू येत नाही हे आता दोघींनाही माहीत होतं.

तिनं पप्पांकडे बघितलं. मग माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि मान हलवून नको म्हणाली.